बटाट्याविना ‘बेक्ड पोटॅटो’ आणि आपलं कच्चं केळं



हल्ली लग्नाच्या जेवणात, वाढदिवसाला, अगदी हळदीकुंकवालासुद्धा एक पदार्थ हमखास दिसतो. काचेच्या चौकोनी भांड्यात बटाट्याच्या चकत्या, त्यावर पांढरा सॉस, सगळ्यात वर चीज आणि ते ओव्हनमध्ये तांबूस झालेलं. मुलं आधी तिकडे धावतात. जमीकंद न खाणाऱ्या घरातल्या मुलाला मात्र तिथे उभं राहून विचारावं लागतं, ‘काकू, यात बटाटा आहे का?’ नाव ‘बेक्ड पोटॅटो’ म्हटल्यावर असणारच. तो पोरगा मग काकडीची कोशिंबीर घेऊन परत येतो.

आपल्याकडे याला उत्तर आहे, कच्चं केळं. कच्च्या केळ्याची पावभाजी, कच्च्या केळ्याचा वडा, कच्च्या केळ्याचं समोसा-सारण आपण सगळ्याच करतो. चीज घातलेली ही बेक केलेली डिशही केळ्याची फार सुंदर होते. कृती मी शेवटी देणारच आहे. पण नुसती कृती लिहून माझं समाधान होईना. आमच्या मंडळात एका बहिणीने नेमका प्रश्न विचारला होता, ‘आपल्या आगमांत बटाट्याचं नावच नाही, मग बटाटा बंद कोणी केला?’ दुसरीचा प्रश्न त्याहून टोचणारा होता, ‘जिभेला बटाट्याचीच चव द्यायची, तर मग सोडलं काय?’ या दोन प्रश्नांपायी मी थोडं वाचलं, थोडं विचारलं. ते आज सांगते.

पहिली गोष्ट, बटाटा खरोखरच आपला नाही. तो दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताचा. टिटिकाका सरोवराच्या आसपासचे लोक तो सात-आठ हजार वर्षांपासून लावत आले. स्पॅनिश लोकांनी तिथलं इंका राज्य जिंकलं सोळाव्या शतकात, आणि साधारण १५७० च्या सुमाराला बटाटा स्पेनमध्ये पोचला. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर तो पोर्तुगीजांबरोबर आला असं मानतात. त्याची खूण आपल्या जिभेवर अजून आहे. मराठीत आणि गुजरातीत आपण ‘बटाटा’ म्हणतो, तो पोर्तुगीज शब्द. गंमत म्हणजे मुळात तो शब्द कॅरिबियन बेटांवरच्या लोकांचा आणि रताळ्यासाठीचा. म्हणजे नाव रताळ्याचं, चिकटलं बटाट्याला.

हा गोंधळ बराच काळ चालला. टॉमस रो हा इंग्लंडच्या राजाचा वकील १६१५ साली सुरतेला उतरला आणि आपल्या नंदुरबारवरून बऱ्हाणपूरला गेला. त्याच्याबरोबर पुढे एडवर्ड टेरी नावाचा पाद्री होता. आसफखानाने दिलेल्या मेजवानीचं वर्णन त्याने केलं आहे आणि त्यात ‘पोटॅटो’ आहेत. ते वाचून कित्येकांनी लिहून टाकलं की जहांगीरच्या काळात भारतात बटाटा होता. पण जाणकार म्हणतात, ती रताळी असावीत. आजचा बटाटा आपल्याकडे शेतात सगळीकडे पसरला तो इंग्रजांच्या अमलात, अठराव्या शतकाच्या शेवटी आणि एकोणिसाव्या शतकात. म्हणजे आपल्या आजीच्या आजीच्या लहानपणी खेड्यापाड्यांत बटाटा ही नवलाईच असणार.

मग हिंदीतला ‘आलू’ कुठला? तो शब्द मात्र खूप जुना. संस्कृतात ‘आलु’, ‘आलुक’ हे शब्द जमिनीतल्या कंदांसाठी होते. आपल्या उत्तराध्ययन सूत्राच्या ३६व्या अध्ययनात वनस्पतींची मोठी यादी आहे. एका शरीरात अनेक जीव असलेल्या वनस्पतींत तिथे ‘आलुय’ आहे, मुळा आहे, आलं आहे, लसूण आहे. पुष्कळ जणी हे वाचून म्हणतात, ‘बघा, आलू लिहिलाय!’ लिहिलाय, पण तो आजचा बटाटा नव्हे. ते सूत्र रचलं गेलं तेव्हा बटाटा समुद्रापलीकडे होता. तो ‘आलुय’ म्हणजे कुठला तरी देशी कंद, सुरण-कोनफळाच्या जातीतला. बटाटा आला आणि जुनं नाव त्याच्यावर बसलं.

तेव्हा त्या बहिणीचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. यादीत बटाटा नाही. पण आपल्याकडे नुसती यादी नव्हती, कसोटीही होती, आणि मला वाटतं हीच या सगळ्या गोष्टीतली सर्वांत मोठी बाब आहे. शांतिसूरींचं ‘जीवविचार प्रकरण’ पाठशाळेत अनेकींनी पाठ केलं असेल. अकराव्या शतकातलं ते. त्यात अनंतकाय ओळखायची लक्षणं दिली आहेत. ज्याच्या शिरा, सांधे, पेरं उघड दिसत नाहीत, जे मोडलं तर सरळ सारखं तुटतं, ज्यात दोरे निघत नाहीत, आणि कापून लावलं तरी जे पुन्हा उगवतं, ते अनंतकाय.

आता हातात बटाटा घ्या. शिरा दिसत नाहीत. मोडला तर खटकन सपाट तुटतो, दोरा नाही. आणि कापून लावला तर? शेतकरी बटाट्याची लागवड करतो ती अशीच. बटाट्याचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्यावर एक-दोन डोळे ठेवायचे आणि सरीत लावायचे. प्रत्येक तुकड्याचं झाड. चारही लक्षणांत बटाटा पुरा बसला. कोणा परदेशी कंदासाठी नवा नियम करावा लागला नाही, जुन्याच नियमाने त्याची जागा ठरवली. मी बी.कॉम. झालेली बाई, मला हे खतावणीसारखं वाटतं. नवा व्यवहार आला म्हणून कोणी नवं वहीशास्त्र काढत नाही, कुठल्या खात्यात टाकायचा ते बघतात.

आता त्याच कसोटीला केळं लावू. केळं सोललं की त्याच्या अंगाचे दोरे आपण रोज काढून टाकतो. केळ्याचा तुकडा जमिनीत पुरला तर कुजेल, उगवणार नाही. पण केळीचा गड्डा, म्हणजे खोडाच्या बुडाशी जमिनीत असतो तो कंद, त्याचं तसं नाही. केळीची लागवड पिढ्यान्‌पिढ्या त्या कंदापासूनच होत आली. तेव्हा एकाच झाडाचं फळ आपल्याला चालतं आणि कंद चालत नाही. आपल्या खान्देशात केळीच्या हंगामांची नावंही मजेशीर आहेत. पावसाळ्याच्या तोंडी लावतात ती मृगबाग, आणि दिवाळीच्या आसपास लावतात ती कांदेबाग. लग्न होऊन धुळ्याहून जळगावला आले तेव्हा सासरे कोणाशी तरी कांदेबागेचा सौदा बोलत होते. मला वाटलं, जैनाच्या घरात हा कांद्याचा काय व्यवहार! सासूबाई हसून हसून दमल्या होत्या.

केळीचा आणि खान्देशचा संबंध सांगायला गेले तर लेख पुरायचा नाही. तापीकाठची काळी जमीन, रावेर, यावल, मुक्ताईनगर, चोपडा हा सगळा पट्टा. इंग्रजांच्या वेळी आपण सगळे एकाच खान्देश जिल्ह्यात होतो. १९०६ साली त्याचे पूर्व खान्देश आणि पश्चिम खान्देश झाले, आणि महाराष्ट्र झाल्यावर जळगाव आणि धुळे ही नावं आली. रेल्वे भुसावळवरून गेली म्हणून इथल्या केळ्याला दिल्लीचा बाजार मिळाला. सावदा, निंभोरा, रावेर या लहान स्टेशनांवरून केळ्याच्या वाघिणी भरून जायच्या. १९३६ साली काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं ते फैजपूरला, याच केळीच्या मुलखात. आज त्या रस्त्याने जाल तर कढईतून थेट कागदावर पडणारे गरम केळ्याचे वेफर्स मिळतात. बटाट्याचे वेफर्स त्याच्यापुढे मला तरी फिके वाटतात. (तेल कुठलं आणि त्याच कढईत आणखी काय तळलं, हे विचारून घ्या.)

आता आपण आपलं म्हणतो ते केळंही पुष्कळ फिरून आलंय, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. केळीचं मूळ न्यू गिनी आणि आग्नेय आशियाकडचं, पण भारतात ती फार फार जुनी. आपल्याकडची जुनी बसराई म्हणजे जगात ज्याला ‘ड्वार्फ कॅव्हेंडिश’ म्हणतात तीच. हे कॅव्हेंडिश नाव इंग्लंडच्या एका ड्यूकच्या घराण्याचं. त्याच्या माळ्याने १८३० च्या दशकात काचेच्या घरात मॉरिशसहून आलेली केळ वाढवली, तिला मालकाचं नाव पडलं. आज शेतात दिसते ती ग्रँड नैन, तीही त्याच कुळातली. ती आपल्याकडे घरोघर पोचली टिश्यू कल्चरच्या रोपांमुळे, १९९० च्या दशकापासून.

इथे भवरलालजी जैन यांचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. जामनेर तालुक्यातल्या वाकोदचा जन्म, १९३७ चा. १९६३ साली रॉकेलच्या धंद्यापासून सुरुवात. मला त्यांच्या गोष्टीतला केळ्याचा भाग आवडतो. १९७८ मध्ये त्यांनी जळगावचा बंद पडलेला केळी-पावडरचा कारखाना लिलावात घेतला, तीस लाखांना. आणि त्यात केळी-पावडर न करता पपईच्या चिकापासून पपेन करायला सुरुवात केली! ठिबक सिंचन, टिश्यू कल्चर हे सगळं नंतर आलं. म्हणजे केळ्याला सोडून धंदा सुरू केला आणि फिरून केळ्याकडेच आले. २०१६ च्या फेब्रुवारीत ते गेले. त्याच वर्षी जळगावच्या केळ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि २०२१ मध्ये रावेर तालुक्यातल्या तांदलवाडीहून मानांकनाची केळी दुबईला रवाना झाली. आपल्या घरच्या भाजीला इतका मान आहे हे मुलांना सांगायला हरकत नाही. बटाट्यापुढे केळं म्हणजे ‘गरिबाचा पर्याय’ असं त्यांच्या मनात बसू देऊ नका.

चीजचा भाग थोडक्यात सांगते, पण तो महत्त्वाचा आहे. चीज करायला दूध घट्ट करावं लागतं आणि त्यासाठी परदेशात शतकानुशतकं रेनेट वापरत आले. हे रेनेट दूधपित्या वासराच्या चौथ्या जठरातून मिळतं, आणि ते वासरू मारल्याशिवाय मिळत नाही. लिहितानाही हात थांबतो. पुढे एका बुरशीपासून तसंच काम करणारं द्रव्य मिळालं, त्याला मायक्रोबियल रेनेट म्हणतात. १९९० मध्ये अमेरिकेने प्रयोगशाळेत सूक्ष्मजीवांकडून बनवून घेतलेल्या रेनेटलाही परवानगी दिली. आपल्याकडे २००० साली मांसाहारी पदार्थांवर तपकिरी ठिपक्याचा नियम झाला आणि २००१ च्या अखेरीला शाकाहारीसाठी हिरव्या ठिपक्याचा. त्याआधी डबा हातात घेऊन आपण फक्त अंदाज करत होतो. तरीही हिरवा ठिपका म्हणजे जैन नव्हे, हे लक्षात असू द्या. लसणाच्या चीज स्प्रेडवरही हिरवाच ठिपका असतो. ज्यांच्या घरी चीज मुळीच चालत नाही त्यांनी ताजं घरचं पनीर किसून घालावं. वर तांबूस कवच येत नाही, पण चव छान लागते.

या सगळ्या पदार्थाचं मूळ फ्रान्समधलं. तिथे दोफिने नावाच्या प्रांतात बटाट्याच्या चकत्या दुधात-सायीत शिजवून भट्टीत तांबूस करतात, त्याला ‘ग्रातँ’ म्हणतात. त्याचा लेखी उल्लेख १७८८ सालचा सापडतो, आणि गंमत अशी की मूळ दोफिनेच्या पदार्थात चीज नाहीच! ते नंतरचं. ‘ग्रातँ’ हा शब्द खरवडण्यावरून आलाय. भांड्याच्या कडेला लागलेलं तांबूस कवच खरवडून खायचं. हे वाचलं आणि मला आमच्या धुळ्याच्या घरची दुधाची पितळी आठवली. दूध आटवल्यावर तळाची खरवड कोणी घ्यायची यावरून आम्हा बहिणींत रोज भांडण. फ्रान्सच्या बायकांची मुलंही तेच करत असणार.

आणि भाजणं तरी आपल्याला कुठे नवं आहे? खान्देशातली बट्टी आधी गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजली जायची. मारवाडातून आपले पूर्वज इकडे आले तेव्हा बाटी बरोबर घेऊन आले. त्यांच्या स्वयंपाकात बटाटा नव्हताच, आणि त्याची उणीवही नव्हती. वाळवंटात भाजी कुठली! केर-सांगरी, बेसनाचे गट्टे, मुगाच्या मंगोड्या, राबोडी, पापडाची भाजी. माझ्या आजीने कधी ‘बटाट्याऐवजी काय घालू’ असा विचार केला नसेल. ‘ऐवजी’ हा शब्द आपल्या पिढीच्या स्वयंपाकघरात आला. माझ्या लग्नाच्या सुमाराला, १९८० नंतर, अॅल्युमिनियमचे गोल ओव्हन घरोघर आले, झाकणाला काचेची खिडकी असलेले. मासिकांत ‘बेक्ड व्हेजिटेबल’ यायचं. तरला दलाल यांचं पहिलं पुस्तक १९७४ चं, ते तोवर बायकांच्या हातोहात फिरत होतं. चीज, पांढरा सॉस, मॅकरोनी हे शब्द तेव्हा आपल्याकडे शिरले. त्याच्याबरोबर बटाटाही शिरला.

आता त्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते. चव तीच द्यायची तर सोडलं काय? एका महासतीजींनीही प्रवचनात साधारण हेच म्हटलं होतं, की पर्यायाच्या मागे लागणं म्हणजे रसनेचीच सेवा. त्यांचं म्हणणं मी डोक्यावर घेते. साधनेच्या वाटेवर ते खरंच आहे, आणि ज्यांना जमतं त्यांनी आयंबिलाचीच गोडी लावून घ्यावी. पण मला घर चालवायचं आहे. आमच्या घरी पाच माणसांत तीन प्रकार आहेत. मी आणि माझे यजमान जमीकंद खात नाही. मुलगा पुण्याला होता तेव्हापासून बाहेर खातो, घरी नाही. सूनबाई ज्या घरातून आली तिथे फक्त चातुर्मासात आणि पर्युषणात बंद असायचं, एरवी कांदा-बटाटा चालायचा. तिने आल्या दिवसापासून आमची रीत निमूट पाळली, पण तिच्या हातची बटाट्याची भाजी तिच्या भावाला किती आवडते हे ती बोलता बोलता सांगून गेली. नातीने एकदा सरळ विचारलं, ‘आजी, आपल्याकडे सगळं चविष्ट बंदच का?’

या प्रश्नाला जीवविचाराची गाथा सांगून नऊ वर्षांच्या मुलीचं समाधान होत नाही. मी तिला बटाटा आणि केळं दोन्ही दिले, शेजारच्या कुंडीत पुरायला. बटाटा मी विकत आणला नाही, शेजारणीने एक डोळे आलेला टाकून द्यायला काढला होता. पंधरा-वीस दिवसांनी एका कुंडीत हिरवा कोंब आला, दुसरीत काही नाही. ती म्हणाली, ‘म्हणजे हा जिवंत होता!’ त्या कोंबाला अजून पाणी घालते ती. तेव्हा त्याग हा जीवाचा विचार करून आहे, चवीवरचा राग म्हणून नाही, हे मला तिच्यापुरतं पुरेसं वाटतं. केळ्याच्या डिशने नियम सैल होत नाही. उलट तो घरात राहायला जागा मिळते. सूनबाईने आता स्वतःहून ही डिश हातात घेतली आहे, तिचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे.

तर कृती. सहा कच्ची केळी घ्या, हिरवीगार आणि कडक. जरा जरी पिवळसर झाली तर आत गोडी उतरते, मग चीजबरोबर विचित्र लागतं. केळ्यातला स्टार्च पिकताना साखर होतो, तो तसाच राहिलेला हवा, त्याच्यामुळेच ते बटाट्यासारखं लागतं. टोकं कापून सालासकट कुकरमध्ये एकच शिट्टी करा. साल ठेवली तर केळं काळं पडत नाही आणि चीक हाताला लागत नाही. गार झाल्यावर सोलून पाव इंचाच्या चकत्या करा.

सॉसला पुस्तकात लोणी सांगतात. आपल्यात लोणी महाविगईत धरतात, म्हणून मी दोन चमचे साजूक तूप घेते. त्यात दोन चमचे मैदा मंद आचेवर भाजायचा, रंग बदलू द्यायचा नाही. मग दोन वाट्या उकळलेलं दूध थोडं थोडं घालत ढवळायचं. केळं बटाट्यापेक्षा कोरडं असतं आणि ओव्हनमध्ये दूध ओढून घेतं, म्हणून सॉस नेहमीपेक्षा पातळ ठेवा. मैद्याऐवजी बेसन वापरायची काहींची सवय आहे. तसं करायचं तर दूध नीट उकळलेलंच हवं, कच्च्या दुधाशी डाळीचं पीठ म्हणजे द्विदळ. मीठ, भरपूर मिरपूड, जायफळ किसून किंचित, वाळलेला पुदिना चुरून. लसणाची आठवण येत नाही. भांड्याला तूप लावून चकत्यांचा एक थर, सॉस, पुन्हा चकत्या, सॉस, आणि वर चार क्यूब म्हणजे शंभर ग्रॅम चीज किसून. २०० अंशाला वीस-पंचवीस मिनिटं. ओव्हन नसेल तर जाड कढईत मीठ तापवून, त्यावर जाळी ठेवून झाकण लावा, फक्त वरचा रंग फिका येईल.

आठम-चौदसला हिरवं सोडणाऱ्यांनी कच्च्या केळ्याबद्दल आपापल्या महाराज साहेबांना विचारावं, आपल्यात संप्रदायाप्रमाणे फरक आहे. आणि वेळेचा हिशोब धरा. हिवाळ्यात आपल्याकडे सहाच्या आत-बाहेर सूर्य मावळतो. चौविहार असेल तर साडेचारला भांडं ओव्हनमध्ये गेलंच पाहिजे, कारण बाहेर काढल्यावर दहा मिनिटं निवू दिलं नाही तर जीभ भाजते आणि चकत्याही नीट कापल्या जात नाहीत.